पावसाळ्यातील सहस्रपाद व त्याचे यथार्थ वर्णन

आपल्या गोंदिया जिल्ह्यात मृगाचा पाऊस पडून जमीन आतपर्यंत भिजली, म्हणजे थोड्याच दिवसांत एक लांबट, वाटोळ्या अंगाचा, काळसर तपकिरी व चकचकीत प्राणी शेताच्या बांधावर, अंगणात आणि कधी कधी शाळेच्या व्हरांड्यातही संथपणे चालताना दिसू लागतो. कोणी त्यास वाणी म्हणतात, कोणी वाणू, तर कोणी पैसा. काडीने स्पर्श केला असता तो अंगाचे वेटोळे करून नाण्यासारखा पडून राहतो, त्यावरून हे शेवटचे नाव पडले असावे. ग्रंथांत त्यास सहस्रपाद असे म्हणतात व या लेखात आम्हीही तेच नाव योजणार आहो. नवेगावबांध, नागझिरा व सालेकसा या बाजूच्या रानांत यांपैकी मोठे, करंगळीएवढे जाड आणि अर्ध्या वितीहून लांब असे प्राणी कुजक्या पाल्यावरून जाताना पाहावयास मिळतात.

इतक्या परिचयाच्या प्राण्याचे वर्णन करणे सोपे असावे, असे कोणासही वाटेल. गेल्या पावसाळ्यात आम्ही आठवीच्या मुलांस सांगितले, की आपापल्या गावी पाहिलेल्या सहस्रपादाचे वर्णन वहीत लिहून आणावे. वह्या आल्या त्या मोठ्या मौजेच्या होत्या. एकाने त्या प्राण्यास हजार पाय दिले. दुसऱ्याने ‘अगणित’ असे लिहून आपली सुटका करून घेतली. एकाचा प्राणी लाल, एकाचा काळा, तर एकाचा गुळाच्या रंगाचा. तिघांनी तो डसतो असे ठासून लिहिले होते. त्यांपैकी एकानेही त्यास डसताना पाहिले नव्हते. एका मुलीने मात्र लिहिले, की चालताना त्याचे पाय वाऱ्याने धानाचे शेत हलावे तसे हलतात. हे वाक्य पाहून लिहिलेले होते, ऐकून नव्हे. तथापि तेवढ्यावरून हा प्राणी कोणत्या जातीचा, हे जगातील मोठ्यात मोठ्या तज्ज्ञासही सांगता आले नसते. ज्याने तो प्राणी पाहिलेला नाही, त्याने केवळ आपले लिखाण वाचून तो ओळखावा, आणि त्याच्यासारख्याच दुसऱ्या दहा प्राण्यांतून तो वेगळा काढावा. असे ज्याच्या साहाय्याने करता येते, ते यथार्थ वर्णन.

प्रारंभ पायांपासून करू, कारण नावच पायांवरून पडले आहे आणि तेच नाव खोटे आहे. फार दिवसांपर्यंत हजार पाय असलेला एकही सहस्रपाद जगात कोणास ठाऊक नव्हता. अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांतात ७५० पायांची एक जात आहे, तिचाच पहिला क्रमांक लागत असे. पुढे पश्चिम ऑस्ट्रेलियात खनिजांच्या शोधासाठी पाडलेल्या एका छिद्रात, जमिनीखाली ६० मीटर खोलीवर, एक फिकट, आंधळा, दोऱ्यासारखा प्राणी मिळाला. २०२१ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. त्याची लांबी सुमारे ९६ मिलिमीटर, रुंदी एक मिलिमीटरहूनही कमी, वलये ३३० आणि पाय १,३०६. त्याचे नाव युमिलिपीस पर्सेफनी असे ठेवले, म्हणजे ‘खराखुरा सहस्रपाद’. बाकी सारे आपले उगीच हजाराची पदवी मिरवीत आले. आपल्याकडील मोठ्या सहस्रपादास दोनशेच्या आगेमागे पाय असतात, आणि ते मोजण्यासाठी एकेक पाय मोजीत बसण्याचे कारण नाही; अंगाची रचना समजली, म्हणजे ते गणिताने काढता येतात.

सहस्रपादाचे अंग एकामागून एक बसविलेल्या कठीण वलयांचे झालेले असते. डोक्यामागचे पहिले वलय गळपट्टीसारखे असून त्यास पाय मुळीच नसतात. दुसऱ्या, तिसऱ्या व चौथ्या वलयास पायांची एकेक जोडी असते. पाचव्यापासून पुढे मात्र प्रत्येक वलयास दोन दोन जोड्या. ही दुहेरी वलये म्हणजे मुळातील दोन वलये एक होऊन झालेली आहेत, आणि हीच या वर्गाची खरी खूण होय. हजार पाय ही नव्हे. शेपटीकडील शेवटच्या एकदोन वलयांस पाय नसतात. आता समजा, एका मादीच्या अंगावर ६० वलये असून शेवटची दोन पायांवाचून आहेत. दुसरे ते चौथे मिळून पाय ६, पाचवे ते अठ्ठावन्नावे ही ५४ वलये, प्रत्येकी ४ पाय, म्हणजे २१६, एकंदर २२२. तेवढीच वलये असलेल्या नराचे पाय ४ कमी, म्हणजे २१८ भरतात. ते चार कोठे गेले हे पुढे सांगू, कारण साऱ्या प्रकरणाची किल्ली तेथेच आहे.

येथे घोणीचा विचार केला पाहिजे, कारण पुष्कळ घरांत दोघांसही एकाच चपलेने शासन होते. घोण चपटी असते, चपळ असते, आणि तिच्या प्रत्येक वलयास पायांची एकच जोडी असते. तिच्या पायांची पहिली जोडी विषारी नांगीत पालटलेली असून तिचा दंश खरोखर वेदनादायक असतो. ती मांसाहारी आहे. सहस्रपादास नांगी नाही, विषारी दात नाही, आणि धावण्याचे अंगही नाही; तो पडलेला पाला व कुजके लाकूड खातो. चालताना त्याच्या उजव्या व डाव्या बाजूचे समोरासमोरचे पाय एकदमच उचलले जातात, आणि ही हालचाल लाटेप्रमाणे शेपटीकडून डोक्याकडे सरकत जाते. वेग कमी, परंतु जोर मोठा. त्या जोरावरच तो भिजलेल्या मातीत डोके खुपसून आत शिरतो. (गंमत अशी, की घोणीस शतपाद म्हणतात, पण तिच्या जोड्यांची संख्या नेहमी विषम असते. शंभर पाय म्हणजे पन्नास जोड्या. तेव्हा बरोबर शंभर पायांचा शतपाद मिळणे जवळजवळ अशक्यच. नावे ठेवणारांनी दोघांवरही सारखाच अन्याय केला आहे.)

पालकांच्या मनात विषाची शंका राहील, म्हणून ती येथेच दूर करतो. सहस्रपादाच्या सुमारे सहाव्या वलयापासून पुढे, बहुतेक प्रत्येक वलयाच्या दोन्ही अंगांस सुईच्या अग्राएवढे एकेक छिद्र असते. प्राणी त्रासला, की त्यांतून पिवळसर तपकिरी रस पाझरतो. आपल्याकडील मोठ्या, वाटोळ्या सहस्रपादांच्या रसात क्विनोन जातीची द्रव्ये असतात. त्यांचा वास उग्र असतो, व त्वचेवर पडलेला तपकिरी डाग कित्येक दिवस जात नाही. कातडीस क्वचित जळजळ होते. साबणाने व पाण्याने हात धुवावे म्हणजे झाले. डोळ्यात मात्र तो रस जाऊ देऊ नये. गेल्यास डोळा स्वच्छ पाण्याने पुष्कळ वेळ धुऊन डॉक्टरांकडे जावे. त्यात हयगय करू नये. लहान, चपट्या पाठीचे, बहुधा पिवळ्या ठिपक्यांचे जे सहस्रपाद असतात, त्यांचा गण निराळा आणि त्यांच्या रसात हायड्रोजन सायनाइड असते. व्हेनेझुएलातील काही माकडे मोठा सहस्रपाद धरून त्याचा रस आपल्या अंगास चोळतात, कारण त्याने डास दूर राहतात. आमच्या विद्यार्थ्यांनी हा प्रयोग करू नये.

आता त्या चार पायांकडे येऊ. प्रौढ नर उताणा करून पाहिला, तर सातव्या वलयाखाली चालण्याचे पाय दिसत नाहीत. तेथे एक फट दिसते. त्या जागेवरील पायांचे रूपांतर संततीच्या कामी येणाऱ्या एका सूक्ष्म अवयवात झालेले असते. त्यास जननपाद म्हणावे. तो आत मुडपून ठेवलेला असतो व भिंगाशिवाय नीट दिसत नाही. कोठे तो पानासारखा पसरट, कोठे आकड्यासारखा वाकडा, कोठे त्यास काट्याची जोड. प्रत्येक जातीत त्याची घडण निराळी. बाहेरून दोन सहस्रपाद एकाच साच्यातील वाटावे, आणि जननपाद पाहिले असता ते दोन भिन्न जातींचे ठरावे, असे वारंवार घडते. उलट, रंगाने काळा व लाल असे दोन प्राणी एकाच जातीचे निघतात. कुलुपे सारखी दिसली तरी किल्ल्या निराळ्या असतात, तसा हा प्रकार आहे.

ही गोष्ट प्रारंभीच्या शास्त्रज्ञांच्या ध्यानी आली नव्हती. प्राण्यांस शास्त्रीय नावे देण्याची आजची पद्धत स्वीडनचे लिनियस यांच्या १७५८ सालच्या ग्रंथापासून मोजतात. त्यानंतर शंभर वर्षे तरी सहस्रपादांची वर्णने रंग, लांबी व शेपटीचा आकार एवढ्यावरच होत असत. १८४४ साली इंग्लंडचे जॉर्ज न्यूपोर्ट यांनी ज्या अनेक जातींस नावे दिली, त्यांत भारतातील एका मोठ्या सहस्रपादाची जात होती. तिचे नाव आज फायलोगोनोस्ट्रेप्टस नायग्रोलॅबिएटस असे लिहितात. यातील दुसऱ्या शब्दाचा अर्थ ‘काळ्या ओठांचा’. तो न्यूपोर्ट यांचा. पहिला शब्द मागाहून आलेल्या अभ्यासकांचा आहे, व त्यात जननपादाच्या पानासारख्या आकाराची सूचना आहे. न्यूपोर्ट यांचे नाव कंसात घालण्याचा प्रघात आहे तो एवढ्यासाठीच, की प्राणी तोच राहिला, परंतु ज्या प्रजातीत (वंशात) त्यांनी त्यास बसविले होते तीतून तो पुढे दुसरीकडे गेला. एका नावातच पाहण्याच्या दोन रीती अशा शेजारी शेजारी बसलेल्या आहेत: ओठाचा रंग पाहणारी जुनी आणि सातव्या वलयात डोकावणारी नवी.

जुन्या रीतीने पुष्कळ घोटाळे करून ठेवले. कित्येक नावे केवळ मादीवरून किंवा अपुऱ्या वाढीच्या पिलावरून दिली गेली. त्यांत जननपाद नाहीच. तेव्हा ती नावे कोणत्या प्राण्याची हे आज ठरविता येत नाही, आणि ती ग्रंथांत नुसती पडून आहेत. रंगाची वर्णनेही पुष्कळदा मद्यार्कात वर्षानुवर्षे ठेवलेल्या नमुन्यांवरून केलेली असत. मद्यार्कात रंग उतरतो. रानात लालभडक पायांनी चालणारा प्राणी पुस्तकात फिकट पिवळ्या पायांचा झाला, तो अशा रीतीने. पुढे नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय नियमांनी हा मार्ग बंद केला. १९३० नंतर दिलेल्या नावासोबत, ती जात इतरांहून कशाने निराळी आहे, हे शब्दांत लिहिलेच पाहिजे. नुसते चित्र चालत नाही. १९९९ नंतरच्या नव्या जातीसाठी मूळ नमुना कोणता व तो कोणत्या संग्रहात राहणार, हेही सांगावे लागते. छायाचित्रांच्या या काळात अजूनही शब्दच मागितले जातात, ही गोष्ट भाषेच्या शिक्षकास आवडणारी आहे, हे आम्ही लपवीत नाही.

भारतातील सहस्रपादांचा पहिला मोठा आढावा ऑस्ट्रियाचे कार्ल अटेम्स यांनी घेतला. तो कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमच्या ग्रंथमालेत १९३६ साली छापला गेला. त्यानंतर २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या यादीत भारतातील किमान २७० जाती मोजल्या आहेत. जगात वर्णन झालेल्या जाती सुमारे १२,००० भरतात. आपल्या देशाचा विस्तार व येथील रानांची विविधता पाहता हा २७० चा आकडा आम्हांस फारच लहान वाटतो. जो अभ्यास झाला, तोही बहुतांशी दक्षिणेकडील डोंगरांत व हिमालयात झाला. वैनगंगेच्या खोऱ्यातील सागाच्या व ऐनाच्या रानांकडे वळलेले अभ्यासक थोडे. म्हणून आमच्या अंगणातील मोठ्या सहस्रपादाचे शास्त्रीय नाव आम्ही येथे देत नाही. त्याचे कूळ बहुधा हार्पॅगोफोरिडी, ज्यात भारतातील मोठे, वाटोळे सहस्रपाद बहुसंख्य आहेत, एवढे म्हणता येते. त्यापलीकडचे काम सातव्या वलयाखालचे आहे.

अपुऱ्या वर्णनाचे सर्वांत मोठे उदाहरण सर्वांत मोठ्या सहस्रपादाचेच आहे. कोळशाच्या युगात आर्थ्रोप्लुरा नावाचा याच घराण्याचा प्राणी होता. इंग्लंडच्या नॉर्थंबरलंड किनाऱ्यावर २०१८ साली सापडलेल्या त्याच्या एका अवशेषावरून त्याची लांबी सुमारे २.६ मीटर असावी असा अंदाज केला आहे. म्हणजे तो आमच्या वर्गातील दोन बाकांस पुरला असता. त्यास नाव मिळाले १८५४ साली. पण चांगले टिकलेले संपूर्ण डोके कोणास मिळाले नव्हते; म्हणून एकशे सत्तर वर्षे त्याची चित्रे निघत राहिली ती डोक्याच्या जागी कल्पना बसवून. २०२४ साली फ्रान्समधील लहान वयाच्या दोन नमुन्यांची क्ष-किरणांनी तपासणी झाली, तेव्हा ते डोके प्रथमच नीट दिसले. त्यावर देठावर बसविल्यासारखे डोळे होते, जे आजच्या कोणत्याही सहस्रपादास नाहीत. कोणाही चित्रकारास हे आधी सुचले असेल असे वाटत नाही.

वर्णनात स्थळ व दिनांक लिहावा, असे आम्ही सांगितले की मुलांस तो कारकुनी उपद्व्याप वाटतो. गोंदिया हे आगगाड्यांचे जंक्शन आहे, तेव्हा हे उदाहरण येथील मुलांस रुचेल. जपानच्या डोंगराळ भागात १९२० साली सहस्रपादांच्या झुंडी लोहमार्गावर इतक्या आल्या, की चाके घसरून गाड्या थांबल्या. पुढेही हे मधून मधून होत राहिले. प्रत्येक वेळी कोणी तरी वर्ष व ठिकाण लिहून ठेवले होते. त्या नोंदी एकत्र करून, आणि जमिनीतील पिलांची वाढ पाहून, तेथील संशोधकांनी २०२१ साली दाखवून दिले, की ही जात प्रौढ होण्यास बरोबर आठ वर्षे घेते व दर आठव्या वर्षी एकदम वर येते. वहीतील दिनांक नसते, तर हे शतकभरातही कळते ना.

आपल्या प्राण्यालाही वाढीचा असाच हिशेब आहे. अंड्यातून निघालेल्या पिलास बहुधा पायांच्या तीनच जोड्या असतात. पुढे ते जमिनीत एक पोकळी करून कात टाकते, आणि प्रत्येक कातेसरशी शेपटीकडे नवी वलये व नवे पाय वाढतात. कात टाकल्यावर अंग पांढरे व मऊ असते. पुष्कळ वेळा टाकलेली कातच तो खाऊन टाकतो, कारण कवचासाठी चुना पाहिजे असतो. श्वासाची छिद्रे पायांच्या मुळाशी असून ती त्यास नीट मिटता येत नाहीत, म्हणून कोरड्या हवेत तो सुकून मरतो. उन्हाळाभर तो जमिनीत व पाल्याखाली दडून असतो याचे कारण हेच. आणि याच दिवसांत मोहाची फुले वेचण्यास सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाला पेटविण्याची चाल आपल्या भागात आहे. त्या आगीत पाल्याबरोबर पाला कुजविणारेही जातात, हे फुले वेचणाऱ्या कुटुंबास कोण सांगणार? त्यांचे पोट त्या फुलांवर आहे. झाडाखाली जुने कापड किंवा जाळी पसरून फुले गोळा करता येतात. ज्यांस ती मिळेल त्यांनी तसे करून पाहावे, एवढेच आम्ही म्हणू.

पश्चिम विदर्भातून येथे आलेले पालक म्हणतील, की तिकडे हाच प्राणी सोयाबीनचे व कपाशीचे कोवळे रोप कुरतडतो, आणि तुम्ही त्याचे कौतुक काय सांगता! त्यांचे म्हणणे खरे आहे. पावसात खंड पडला, की काही जाती उगवत्या रोपांवर येतात. परंतु येथेही वर्णनाचाच प्रश्न आहे. रोप कुरतडणारी जात कोणती आणि नुसता पाला खाणारी कोणती, हे न पाहता सरसकट औषध फवारले, तर दोन्ही मरतात व जमिनीचे एक फुकटचे काम बंद पडते. शेतात गवताचे लहान ढीग रात्री ठेवून, सकाळी त्यांखाली जमलेले प्राणी वेचून काढण्याचा उपाय खर्चाचा नाही, आणि वेचताना ते पाहिलेही जातात.

आता येत्या पावसाळ्यासाठी. अभयारण्यातून कोणताही प्राणी परवानगीवाचून उचलणे कायद्याने गुन्हा आहे, तेव्हा तेथे फक्त पाहावे. आपल्या अंगणातील व बांधावरील प्राणी पुरे आहेत. लांबी लिहावी, पण तिच्यावर भिस्त ठेवू नये, कारण वलये एकमेकांत सरकतात व प्राणी आखडतो. अंगाच्या मध्यावरील जाडी अधिक विश्वासाची. रंग जिवंतपणी लिहावा: वलयाचा पुढचा भाग कोणता, मागची कड कोणती, पाय कोणते, हे निरनिराळे. शेवटचे वलय टोकदार आहे की बोथट, तेही पाहावे. काचेच्या तुकड्यावरून प्राणी चालवून खालून पाहिले, तर उताणे करण्याची व त्यास त्रास देण्याची गरज पडत नाही. वहीत मग असे काही उतरावे: ‘अंगणातील आंब्याखाली, ओल्या पाल्यात, सायंकाळी सहा वाजता, पाऊस थांबल्यावर. जाडी इतके मिलिमीटर. वलये इतकी, दोनदा मोजली. अंग काळपट, वलयांच्या मागच्या कडा तांबूस, पाय तांबडे. सातव्या वलयाखाली पाय नाहीत, म्हणून प्रौढ नर. डिवचल्यावर वेटोळे केले. रसाचा डाग बोटावर चौथ्या दिवशीही होता.’ वर दिनांक व गावाचे नाव, आणि जातीच्या नावापुढची जागा कोरी.